लेकीच्या पिशवीत चाकू असावा काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागच्या हळदीकुंकवाला आपल्यातल्या एका काकूंनी सूचना मांडली की, कॉलेजात जाणाऱ्या गावातल्या प्रत्येक मुलीला मंडळातर्फे एक लहानसा चाकू द्यावा. तो तिने पिशवीत कोणाला न दिसेल असा ठेवावा. वर्गणीचे आकडेही तिथल्या तिथे बोलून झाले. कोणी हो म्हणाल्या, कोणी नको म्हणाल्या, तेवढ्यात चहा आला आणि गोष्ट तशीच राहिली. अध्यक्षबाईंनी मला आज्ञा केली की यावर तुम्ही बोला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण माझीही मुलगी रोज एस.टी.ने कॉलेजला जाते, म्हणून मन लावून वाचले, विचारले आणि आज आपल्यापुढे उभी राहिले.

काकूंची सूचना हसण्यावारी नेण्यासारखी नाही, हे प्रथम सांगते. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला परीक्षेच्या वर्गातच पेटवून दिले. १९९८ साली सांगलीत कॉलेजच्या एका मुलीला एकतर्फी प्रेमापायी भोसकले. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकले. आठवड्याभरात ती गेली. आणि मे २०२२ मध्ये तर आपल्याच जिल्ह्याच्या शहरात एका विद्यार्थिनीचा चाकूने भरदिवसा खून झाला. ती बातमी आली त्या रात्री या गावात किती आया जाग्या होत्या ते मला ठाऊक आहे.

चाकूची कल्पनाही नवी नव्हे. दिल्लीच्या २०१२ मधील त्या भयंकर प्रकारानंतर जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेने बायकांना लहान चाकू वाटले होते. पुढच्याच वर्षी कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांसाठी ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, आणि देताना दागिन्यांच्या पेटीसारख्या पेटीत घालून द्यायचे! आपल्याकडे तेवढ्यात चांगली दुभती म्हैस दावणीला येते. असो.

आता कायदा काय म्हणतो? १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे पिस्तूल-बंदुकीला परवाना लागतो आणि वयाची २१ वर्षे पुरी झाल्यावाचून सामान्यतः तो मिळत नाही. मिळाला तरी खास परवानगीवाचून ते हत्यार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सभेत किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात न्यायचे नाही, अशी परवान्यातच अट घातलेली असते. चाकूचे म्हणाल तर नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पाते नियमांत शस्त्र म्हणून धरले आहे. घरकामाची व शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत, म्हणून आपला विळा नि खुरपे सुटले. पण १९५१ च्या पोलीस कायद्याखाली सणासुदीला, निवडणुकीला मनाईहुकूम निघतो, तेव्हा साधी सुरी, काठी घेऊन फिरणेही गुन्हा ठरतो. म्हणजे आपण दिलेल्या चाकूपायी आपलीच लेक चौकीत उभी राहायची.

अमेरिकेत मात्र याच्या उलट चालले आहे. तिथल्या टेक्सास राज्यात १ ऑगस्ट २०१६ पासून परवानाधारकांना कपड्याआड पिस्तूल लपवून सरकारी विद्यापीठात जाण्याची मुभा मिळाली. योगायोग असा की, बरोबर ५० वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९६६ रोजी, तिथल्याच ऑस्टिनच्या विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एकाने गोळ्या झाडून कित्येक माणसे मारली होती. अशी मुभा मागणारे लोक व्हर्जिनियातल्या विद्यापीठाचा दाखला देतात. तिथे १६ एप्रिल २००७ रोजी एका विद्यार्थ्याने ३२ जणांचा जीव घेतला. त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. वर्गात कोणा एकाजवळ पिस्तूल असते तर एवढी माणसे मेली नसती, असे ते म्हणतात. ऐकताना मलाही क्षणभर पटले. पण घाबरलेल्या पन्नास पोरांच्या गर्दीत गोळी कोणाची नि कोणाला, हे कोण ठरवणार? पोलीस आत आले की त्यांनी हातात पिस्तूल असलेल्या दोघांतला चोर कोणता नि साव कोणता, कसा ओळखायचा?

आपल्याकडे पाहा. वर सांगितलेल्या घटनांत दोन ठिकाणी हत्यार होते पेट्रोल. त्यापुढे चाकू काय करणार? आणि हल्ला करणारा सांगून येत नाही. तो पाठीमागून येतो, आणि चाकू असतो डब्याखाली, वह्यांच्या तळाशी. सापडला तरी धडधाकट गडी तो पोरीच्या हातून हिसकावून घ्यायला कितीसा वेळ लावील? २७ जून २०२३ रोजी पुण्याच्या सदाशिव पेठेत कोयता घेऊन मुलीच्या मागे लागलेल्या तरुणाला आवरले ते रिकाम्या हाताच्या मुलांनी. ती मुलगी धावली, ओरडली, कोणी तरी पुढे झाले, म्हणून वाचली.

भगिनींनो, मला खरी भीती निराळ्याच गोष्टीची वाटते. एकतर्फी प्रेमाचे हे प्रकार एका दिवसात घडत नाहीत. आधी महिनोन्‌महिने तो पोरगा स्टँडवर उभा असतो, गाडीत मागच्या बाकावर बसतो, कोणाकडून तरी फोनचा नंबर मिळवतो. मुलीला ते सगळे ठाऊक असते. ती घरी सांगत नाही. का सांगत नाही, हे आपल्यातल्या प्रत्येकीने मनाशी विचारावे. सांगितले की दुसऱ्या दिवशी कॉलेज बंद आणि पुढल्या महिन्यात स्थळ पाहायला सुरुवात! गुन्हा त्याचा, घरात कोंडायचे हिला. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा एस.टी.चा मोफत पास मिळतो. पण पास खिशात असून पोरगी चुलीपुढे बसलेली मी याच गावात पाहिली आहे. मुलीचा पाठलाग करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, ११२ नंबर फिरवला की पोलीस येतात, हे तिला ठाऊक असते. पण तक्रार दिली तर शिक्षण जाईल, या धाकाने ती गप्प राहते. अशा मुलीच्या पिशवीत चाकू देऊन आपण तिला एवढेच सांगणार की, तुझे तू पाहा.

आणि ज्याच्या हातात कोयता असतो तोही कोणाच्या तरी पोटचाच ना? वाढदिवसाला तलवारीने केक कापल्याबद्दल पोरांवर गुन्हे दाखल झाल्याचे आपण पेपरात वारंवार वाचतो. त्या फोटोत मागे टाळ्या वाजवणारी घरची माणसेही असतात. मुलींच्या आयांची सभा झाली. मुलांच्या आयांची कधी घ्यायची? मलाही मुलगा आहे, म्हणून हे बोलायला मी कचरत नाही.

तेव्हा माझे मत चाकूच्या विरुद्ध आहे. त्याऐवजी संध्याकाळच्या गाड्या येतात तेव्हा आपल्यापैकी दोघी-दोघींनी पाळीपाळीने स्टँडवर थांबावे. भाजी निवडायची असली तर तिथे बसून निवडावी. कोण पोरगा रोज विनाकारण उभा असतो ते आठ दिवसांत कळेल, आणि त्याच्या आईकडे जायला आपल्याला वकील लागत नाही. मुलींना हातापायाचा बचाव शिकवायला कोणी शिक्षिका मिळाली तर वर्गणी तिकडे लावावी. आणि कोणत्याही मुलीने काही सांगितले तर तिचे कॉलेज बंद करणार नाही, असा शब्द प्रत्येक घराने तिला आधीच द्यावा. हा शब्द देणे सर्वांत अवघड जाईल. आमच्याही घरी त्यावर दोन रात्री वाद झाला.

वर्गणीची यादी माझ्याजवळच आहे. ज्यांनी चाकूसाठी आकडा सांगितला होता त्यांनी तो तसाच ठेवायचा की काढायचा, हे चहाच्या वेळी मला सांगावे. स्टँडवरच्या पाळीसाठी सोमवार आणि गुरुवारी मी व शेजारच्या वहिनी आहोत. बाकीचे दिवस मोकळे आहेत.