संग्रहालयाच्या दारातले तिकीट

बंगळूरच्या कस्तुरबा रस्त्यावरील विश्वेश्वरय्या औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालयाचे उद्घाटन १९६२ साली पंडित नेहरूंनी केले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेकडे आहे. त्याचा मुख्य आधार केंद्राचे अनुदान, म्हणजे जनतेनेच भरलेला कर. मग दारात पुन्हा तिकीट का? अनुदान अपुरे, देखभाल महाग, असे उत्तर मिळते. ते सर्वस्वी खोटेही नाही. परंतु ज्याने आयुष्यभर यंत्रे चालवली, त्या कामगारालाच ती मुलांना दाखवताना खिसा चाचपावा लागतो. अनुदान आखडले की तिकीट वाढते, नाहीतर धनिक देणगीदार पुढे येतो. शेजारचेच राज्य सरकारचे वेंकटप्पा कलादालन २०१५ साली कराराने खाजगी प्रतिष्ठानाच्या हाती जाऊ लागले, तेव्हा शहरातले कलावंत रस्त्यावर उतरले. करार रद्द करा, ही त्यांची मागणी होती.