एक माणूस, एक क्लिप; पण एक मूल्य?

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सिनेमावर बोलायला सांगितलंय. सिनेमा म्हटलं की हिरो आला, हिरॉइन आली, ढिशुम-ढिशुम आलं. मी ज्या सिनेमाबद्दल बोलणार आहे त्यात यातलं काहीएक नाही. नट नाही, सेट नाही, लिहून दिलेले डायलॉग नाहीत. २४ जुलै २०१० या एकाच दिवशी जगभरच्या लोकांनी आपापल्या घरात, रस्त्यावर, कामावर जे शूट करून पाठवलं, ते जोडून हा सिनेमा झाला. नाव ‘लाइफ इन अ डे’. दिग्दर्शक केव्हिन मॅकडोनाल्ड, निर्माता रिडली स्कॉट, आणि मांडव यूट्यूबचा. १९२ देशांतून ८० हजार क्लिपा आल्या. साडेचार हजार तासांचा माल. त्यातून दीड तासाचा सिनेमा निघाला आणि जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात तो दाखवला गेला.

काय आहे त्यात? मध्यरात्रीचा चंद्र आहे. मग माणसं उठतात, तोंड धुतात, दात घासतात, चुली पेटतात. कुणाच्या घरी पोर जन्मतं, कुणाच्या घरी आजारपण बसलेलं असतं. पेरू देशातला बूटपॉलिश करणारा एक पोरगा आपला लॅपटॉप अशा मायेनं दाखवतो की बस्स. सायकलवर जग फिरणारा एक कोरियन माणूस दक्षिणेचा की उत्तरेचा हे सांगतच नाही, नुसतं ‘कोरिया’ म्हणतो. जर्मनीत डुइसबर्गला त्याच दिवशी गर्दीत चेंगरून माणसं मेली. तेही त्यात आहे. आणि शेवटी एक मुलगी रात्री गाडीत बसून सांगते की आज माझ्या आयुष्यात विशेष काही घडलं नाही, तरी मी होते हे लोकांना कळावं.

मला हा सिनेमा आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. बूटपॉलिशवाल्या पोराला पडद्यावर जागा देणारा सिनेमा आपण नाकारायचं कारण नाही. आपल्या माणसाला तर हजारो वर्षं सावलीलासुद्धा जागा नव्हती. ‘मी होते हे लोकांना कळावं’ ही त्या गोऱ्या पोरीची मागणी आपल्याला परकी नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला तो याच मागणीसाठी. पण आवडतो म्हणून आरती ओवाळायची नाही. आवडतो म्हणूनच उलटतपासणी घ्यायची.

पहिला प्रश्न : प्रश्न कुणी विचारले?

लोकांना वाटेल ते शूट करा असं सांगितलं होतं. पण त्याबरोबर प्रश्नही दिले होते. तुला कशावर प्रेम आहे? तुला कशाची भीती वाटते? तुझ्या खिशात काय आहे? चांगले प्रश्न आहेत. त्यातला खिशाचा प्रश्न तर जालीम आहे. कुणाच्या खिशातून गाडीची किल्ली निघते, कुणाच्या खिशातून काहीच निघत नाही. पण एक लक्षात घ्या. खिशात काय आहे हा प्रश्न विचारला, खिसा रिकामा कुणी केला हा विचारला नाही. भीती कशाची वाटते हे विचारलं, भीती कोण घालतो हे विचारलं नाही. प्रश्न जिथं संपतो तिथंच उत्तरही संपतं, दोस्तहो.

दुसरा प्रश्न : कात्री कुणाच्या हातात?

साडेचार हजार तास एकटा माणूस बघू शकत नाही. दोनेक डझन लोक बसवले, निरनिराळ्या भाषा येणारे. त्यांनी प्रत्येक क्लिप बघायची, नोंद करायची आणि एक ते पाच स्टार द्यायचे. मग संकलक जो वॉकर आणि दिग्दर्शक यांनी त्यातून सिनेमा बांधायचा. त्यांनी काम मनापासून केलं, माझं त्यांच्याशी भांडण नाही. ज्यांच्याकडं कॅमेरा पोचत नाही अशांकडं त्यांनी ४०० कॅमेरे पाठवले, आणि सिनेमाचा साधारण चौथा हिस्सा त्या कॅमेऱ्यांतून आला. ज्यांची क्लिप निवडली त्यांना सहदिग्दर्शक म्हणून नाव देऊ, असंही सुरुवातीलाच जाहीर केलं होतं. पण हिशेब करा. साडेचार हजार तासांतून दीड तास म्हणजे तीन हजार तासांमागं एक तास. बाकीचे दोन हजार नऊशे नव्व्याण्णव तास कुठं गेले? ज्याला दोन स्टार मिळाले, त्याचा दिवस झालाच नाही का?

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेब बोलले. राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य हे आपण मान्य करू. पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात एक माणूस, एक मूल्य हे नाकारत राहू, आणि ही विसंगती फार काळ ठेवली तर लोकशाही उधळली जाईल, असा त्यांचा इशारा होता. हीच फूटपट्टी मी इथं लावतो. एक माणूस, एक क्लिप हे झालं. एक मूल्य झालं का? क्लिप पाठवण्याचा हक्क म्हणजे मतपेटीत चिठ्ठी टाकण्याचा हक्क. मोजणी दुसऱ्याच खोलीत होते.

तिसरी गोष्ट जुनी आहे. ‘सगळी माणसं एकच’ हा खेळ यूट्यूबनं शोधून काढलेला नाही. १९५५ साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एडवर्ड स्टायकननं ‘द फॅमिली ऑफ मॅन’ नावाचं प्रदर्शन मांडलं. ६८ देशांतले ५०३ फोटो. जन्म, लग्न, श्रम, खेळ, मरण. सांगणं एवढंच की माणूस इथून तिथून सारखा. ते जगभर फिरलं आणि १९५६ साली मुंबईतही येऊन गेलं. त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला आपल्या लाखो माणसांनी धर्म बदलला. का बदलला? कारण मानवतेचं कुटुंब फोटोत होतं, पाणवठ्यावर नव्हतं.

पॅरिसला हे प्रदर्शन पाहून रोलां बार्थ या फ्रेंच लेखकानं नेमकं बोट ठेवलं. जन्म सगळीकडं आहे, मरण सगळीकडं आहे, हे कुणाला नवीन सांगता? पोर कसं जन्मतं, आईला किती यातना होतात, ते जगतं की मरतं, हा खरा मुद्दा. त्यानं लिहिलं की एमेट टिलच्या आईबापाला विचारा, त्यांना या थोर कुटुंबाबद्दल काय वाटतं. एमेट टिल म्हणजे १४ वर्षांचा काळा पोरगा. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीत गोऱ्यांनी त्याला हालहाल करून मारलं. त्याच्या आईनं शवपेटीचं झाकण उघडं ठेवलं. माझ्या पोराचं काय केलंय ते जगाला बघू दे, म्हणाली. तो छिन्नविछिन्न चेहऱ्याचा फोटो काळ्यांच्या मासिकात छापून आला आणि अमेरिका हादरली. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी. संग्रहालयात ५०३ फोटो माणूस एक आहे म्हणत होते, आणि एका आईनं दाखवलेला एकच फोटो विचारत होता, मग माझं पोर कोण होतं?

आता आपल्याकडं या. ‘लाइफ इन अ डे’च्या धर्तीवर ‘इंडिया इन अ डे’ निघाला. १० ऑक्टोबर २०१५ ला लोकांनी शूट केलेलं, दिग्दर्शक रिची मेहता, सप्टेंबर २०१६ मध्ये टोरंटोला पहिला खेळ. आणि त्याच्या दोनच महिने आधी, ११ जुलै २०१६ ला, गुजरातेत उनामध्ये काय झालं? मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गोरक्षक म्हणवणाऱ्यांनी गाडीला बांधून, उघडं करून, काठ्यांनी झोडपलं. आणि व्हिडिओ कुणी काढला? मारणाऱ्यांनीच. पसरवला कुणी? मारणाऱ्यांनीच. छाती फुगवून. तोही लोकांनी काढलेला, लोकांनी पाठवलेला, ‘आमचा आजचा दिवस’ असा माहितीपटच होता की! म्हणून म्हणतो, हातोहाती कॅमेरा आला म्हणजे माणुसकी आली, या भ्रमात राहू नका. कॅमेरा ज्याच्या हातात असतो त्याची नजर घेऊन येतो.

पण तोच व्हिडिओ आपल्या लोकांनी पाहिला आणि अर्थ उलटा केला. मारणाऱ्यांचा विजयपट हा गुन्ह्याचा पुरावा झाला. लोकांनी मेलेली जनावरं उचलायला नकार दिला, सुरेंद्रनगरला कलेक्टर कचेरीपुढं ती आणून टाकली. ऑगस्टमध्ये अहमदाबादहून उनापर्यंत मोर्चा गेला. क्लिप तीच, कात्री वेगळी.

मग करायचं काय? नुसती टीका करून चहा प्यायला जायचं, हे काम पांढरपेशांचं. मी एक सुचवतो. आपला एक दिवस आपण शूट करू. दिवस ठरलेला आहे : २० मार्च. १९२७ साली याच दिवशी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यालो. त्या दिवशी जो जिथं असेल तिथं त्यानं पाणी शूट करायचं. वस्तीतला नळ, त्याला पाणी कधी येतं. गावातली विहीर, तिथं कोण भरतं, कोण बाजूला उभं राहतं. टपरीवरचा ग्लास, शाळेतली टाकी, सोसायटीत मोलकरणीला दिलेला वेगळा कप. गटारात उतरलेला कामगार बाहेर आल्यावर हात कुठं धुतो ते. प्रश्न फक्त दोन : तू पाणी कुठं पितोस? आणि तिथंच का?

काही नियम आत्ताच बांधून घेऊ. पहिला, कात्री एकाच्या हातात नको. ज्यांनी पाठवलं त्यांच्यातलेच, वस्तीतल्या बायांसकट, निवडायला बसतील. आणि जे गाळलं ते का गाळलं हे वहीत लिहिलं जाईल. दुसरा, पडद्यावर चेहरा आल्यानं ज्याच्या घरावर दगड येईल त्याचा चेहरा, आवाज, गावाचं नाव दाखवायचं नाही. आपण मुंबईत टाळ्या घेणार आणि मार तो खाणार, हे चालणार नाही. तिसरा, मूळ फाइल तारीख-वेळेसकट जशीच्या तशी जपायची. सिनेमात दोन सेकंद गेले तरी चालेल, पण १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली खटला उभा राहिला तर ती फाइल साक्ष देऊ शकेल. चौथा, कुणालाही स्टार द्यायचे नाहीत.

कुणी म्हणेल, यात माणुसकीचा उत्सव कुठाय? आहे ना. आपण माणसाच्या एकपणाच्या विरोधात नाही. उलट साऱ्या जगात त्याची सगळ्यात जास्त गरज आपल्याला आहे. पण पाणवठा एक होण्याआधी पडदा एक झाला म्हणून नाचायला मी तयार नाही. दात सगळेच घासतात, मित्रांनो. चूळ कुठल्या पाण्यानं भरतात, तिथून आपला सिनेमा सुरू होतो.

जयभीम.