रस्ता मोठा की वेग लहान?



आज आम्ही तुमच्याशी रस्त्याविषयी चार गोष्टी बोलणार आहोत. आपले बाभुळगाव यवतमाळ-धामणगाव रस्त्यावर आहे. यवतमाळला काम असो, की धामणगावला आगगाडी धरायची असो, हाच रस्ता. कापसाच्या दिवसांत त्यावर किती गर्दी होते, ते तुम्ही पाहताच. ट्रॅक्टर, एस.टी., मोटारसायकली, बैलगाड्या. आणि त्यांतूनच वाट काढीत शाळेला जाणारी पोरे!

परवा पारावर हाच विषय निघाला. एक जण म्हणाला, "रस्ता लहान पडते. दुप्पट रुंद करा, म्हणजे गर्दी मिटली!"

तिथे एक आजी बसली होती. ती म्हणाली, "रुंद करसान बावा, पण मले तो ओलांडाले किती वेळ लागन? अन् गाड्या आणखी जोरात येतीन, त्याचं काय?"

दोघांचेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे. म्हणून दोन्ही बाजू पाहू.

नवा रस्ता वाईट नाही. समृद्धी महामार्ग पाहा. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग सुरू झाला. ५ जून २०२५ रोजी उरलेला भागही खुला झाला. पूर्ण रस्ता ७०१ किलोमीटर लांब आहे. नागपूरहून मुंबईला जाण्याचा वेळ त्यामुळे पुष्कळ वाचला.

पण त्याच रस्त्यावर १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ एक बस धडकली, उलटली आणि पेटली. २५ माणसे गेली. रस्ता नवा होता, रुंद होता. म्हणजे रस्ता चांगला झाला, की माणूस आपोआप सुखरूप पोचतो, असे नाही.

आणि गर्दी तरी मिटते का? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. तरी सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागतात. असे का व्हावे? आपल्या विहिरीचेच पाहा ना. विहिरीला जास्त पाणी लागले, की आपण ओलिताचे वावर वाढवतो. मग पाणी पुन्हा अपुरे पडते. रस्त्याचेही तसेच आहे. वाट सोपी झाली, की जास्त लोक गाडी बाहेर काढतात. थोड्या वर्षांनी रस्ता पुन्हा भरतो.

आता वेगाचे पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ताशी ८० ची गाडी २२ मीटर जाते. पण ब्रेक दाबल्यावर थांबायला तिला दुप्पट नव्हे, चौपट जागा लागते! समोर अचानक पोर आले, तर ४० ची गाडी थांबेल तिथे ८० ची थांबणार नाही.

वेग कमी केला तर गर्दी वाढेल, असे वाटते. पण जत्रेत देवळाच्या दाराशी काय होते? सगळे एकदम घुसले, तर दार तुंबते. सारखी चाल ठेवून रांगेने गेले, तर सगळे लवकर आत जातात. इंग्लंडात लंडनभोवतीच्या मोठ्या रस्त्यावर १९९५ सालापासून हेच करतात. गर्दी वाढली, की पाटीवर वेगाचा आकडा कमी करतात. त्यामुळे गाड्या धक्के न खाता सारख्या चालतात.

पण पाटी पाळणार कोण? त्यासाठी कॅमेरा. तो गाडीचा नंबर टिपतो. काही ठिकाणी दोन कॅमेरे दूर दूर लावतात. समजा, दोघांत १० किलोमीटर अंतर आहे आणि वेगाची हद्द ताशी १०० आहे. मग ते अंतर तोडायला निदान ६ मिनिटे लागलीच पाहिजेत. गाडी ५ मिनिटांत पोचली, तर ती ताशी १२० ने आली. दंड मोबाइलवर येतो! मुंबई-पुणे मार्गावर २०२४ सालापासून असे कॅमेरे काम करू लागले.

कॅमेरा सर्व रोगांवरचे औषध नाही, हेही खरे. गाड्याच फार झाल्या, तर कॅमेरा काय करणार? तिथे गावाबाहेरून वळणरस्ता लागतोच. पण त्याला जमीन लागते, पैसा लागतो, वर्षे लागतात. पाटी आणि गतिरोधक लवकर होतात. म्हणून आमचे म्हणणे असे, की वस्तीत आधी वेग आवरा. मग रस्ता वाढवायचा का, ते ठरवा.

आता तुम्हाला वाचता येते. रस्त्यावर लाल काठाची गोल पाटी दिसली, की तिच्यावरचा आकडा वाचा. तो बहुधा इंग्रजी असतो. तेही आकडे शिकून घ्या. आणि आता तुम्हाला लिहिताही येते. पोरे कुठे रस्ता ओलांडतात, किती वाजता ओलांडतात, गाड्या कुठे जोरात येतात, हे सारे कागदावर लिहा. सगळ्यांनी सह्या करा आणि तो अर्ज सार्वजनिक बांधकाम खात्याकडे द्या. कालपर्यंत आपण अंगठा उठवत होतो. या अर्जावर त्या आजीचीही सही असू द्या.