कातडीचा कर्करोग : करकोच्यापासून विजेपर्यंत

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मेळाव्यात जे बोललो तेच येथे थोडे आवरून मांडत आहे. मी बी. ए., बी. एड. झालेला, भाषा शिकवणारा शिक्षक. वैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, याची मला जाणीव आहे. पण नववीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, विजेने कॅन्सर बरा होतो म्हणतात, ते खरे का?" शिक्षकाला प्रश्न टाळता येत नाही. म्हणून वाचले, जाणत्या डॉक्टरांना विचारले, आणि जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम रोगाविषयी. गोऱ्या वर्णाच्या लोकांत कातडीचा कर्करोग फार आढळतो, कारण उन्हाला अडवणारे रंगद्रव्य त्यांच्या कातडीत कमी असते. आपल्याकडे त्याचे प्रमाण पुष्कळच कमी आहे. पण कमी म्हणजे नाही असे नव्हे. आणि आपल्याकडे तो उन्हापेक्षा वेगळ्याच वाटेने येतो. जुना भाजल्याचा व्रण, वर्षानुवर्षे न भरणारी जखम, रोज एकाच जागी होणारे घर्षण, या त्या वाटा आहेत. काश्मीरमध्ये थंडीत कपड्याच्या आत निखाऱ्याची कांगडी घेऊन बसतात, तेथे पोटावर व मांडीवर होणाऱ्या कर्करोगाला कांगडी कर्करोग असेच नाव पडले.

आपल्या महाराष्ट्राचा अनुभव याहून फार दूरचा नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. माणसाच्या सवयी आणि कर्करोग यांचा संबंध त्यात दाखवला होता, आणि त्यातच धोतराच्या कर्करोगाचे वर्णन आहे. धोतर कंबरेला रोज त्याच जागी घट्ट कसायचे, तेथे करकोचा पडायचा, कातडी काळी-पांढरी व्हायची, खरवडायची, पुढे व्रण व्हायचा, आणि क्वचित त्या व्रणात कर्करोग शिरायचा.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०२४ साली वर्धा येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि बिहारमधील डॉक्टरांनी मिळून अशाच दोन स्त्रियांची हकिकत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. एक सत्तरीची. तिच्या कुशीवर दीड वर्ष न भरणारा व्रण होता. दुसरी सत्तरीकडे झुकलेली, परकर न घालता लुगडे थेट कंबरेला कसणारी. तिचा व्रण दोन वर्षांचा होता आणि रोग जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. दीड वर्ष आणि दोन वर्षे! वाचकहो, रोगापेक्षा मला हे आकडे जास्त बोचतात.

आपल्या सातारा-सांगलीत तरी निराळे काय आहे? माण-खटाव, जत-आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर, उसाच्या फडात, विड्या वळणाऱ्या आणि शिवणकाम करणाऱ्या घरांत, बाई कंबरेची जखम कोणाला दाखवते? हळद लावते, खोबरेल लावते, नाडी जरा वर बांधते आणि कामाला लागते. लुगडे, परकर, सलवार, लुंगी, धोतर, नाडी आणि गाठ कोणत्या ना कोणत्या रूपाने सर्वांच्याच कंबरेला आहे. लाजेलाही जात नाही, धर्म नाही.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. विजेने कर्करोग बरा होतो का? उत्तर असे : काही गाठी बऱ्या होतात, पण एकट्या विजेने नव्हे, आणि आपण समजतो त्या विजेने तर नव्हेच.

उसाचे उदाहरण घ्या. कारखान्यात चरकाखाली ऊस चिरडतो, पेशी फुटतात, रस बाहेर येतो. कर्करोगाच्या गाठीत उलटे करायचे असते. बाहेरचे औषध पेशीच्या आत न्यायचे असते, आणि शेजारच्या चांगल्या शरीराला चिरडायचे नसते. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा एक अतिशय पातळ पडदा असतो. एका सेंटीमीटरचे वीस लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी त्याची जाडी. ब्लिओमायसिन नावाचे एक औषध आहे. ते जपानमध्ये उमेझावा यांच्या प्रयोगशाळेत सापडले. पेशीच्या आत गेले तर ते तिच्या आनुवंशिक धाग्याचे तुकडे करते. अडचण एवढीच की तो पडदा त्याला सहजी आत घेत नाही. दार बंद, आणि पाहुणा बाहेर उभा, अशी अवस्था.

येथे विजेचा उपयोग होतो. औषध शिरेतून किंवा गाठीतच टोचतात. मग गाठीच्या दोन बाजूंना धातूच्या पट्ट्या किंवा सुया लावून विजेचे आठ ठोके देतात. दर सेंटीमीटरला सुमारे १००० व्होल्ट एवढा जोर, पण एकेक ठोका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाचा. आठही मिळून सेकंदाचा हजारावा भागसुद्धा होत नाही. तेवढ्यात पडद्याला सूक्ष्म छिद्रे पडतात, काही मिनिटे ती उघडी राहतात, औषध आत शिरते, आणि छिद्रे पुन्हा बुजतात. ठोका लागेल तेथेच औषध जोमाने काम करते, म्हणून औषधाची मात्राही थोडी पुरते. शिवाय गाठीतील रक्तवाहिन्या आकसतात आणि वाहणारी गाठ वाहायची थांबते.

फ्रान्समध्ये लुई मीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांवरचा पहिला प्रयोग १९९१ साली जाहीर केला. ८ रुग्णांच्या ४० गाठींपैकी २३ पूर्ण नाहीशा झाल्या. पुढे फ्रान्स, स्लोव्हेनिया, डेन्मार्क व आयर्लंड या चार देशांतील डॉक्टरांनी मिळून उपचाराची पद्धत ठरवली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात १७१ गाठींपैकी सुमारे ७४ टक्के पूर्ण गेल्या. डेन्मार्कमध्ये महागड्या औषधाऐवजी साधे कॅल्शियम वापरून पाहिले. २०१८ साली आलेल्या त्या लहान चाचणीत दोन्हींच्या गुणात लक्षणीय फरक दिसला नाही. गरीब देशांच्या दृष्टीने ही बातमी लहान नव्हे. अमेरिकेत तर औषधाशिवाय, सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजाव्या लागणाऱ्या ठोक्यांनी कातडीच्या गाठी मारण्याचे प्रयत्न झाले. २०१४ साली जाहीर झालेल्या पहिल्या मानवी प्रयोगात १० पैकी ७ गाठींत रोगाच्या पेशी उरल्या नाहीत.

पण या उपचाराची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो त्याच जागेपुरता आहे. शरीरात पसरलेला रोग तो आवरत नाही. ठोक्यासरशी स्नायू आखडतात, म्हणून भूल द्यावी लागते. युरोपात तो रुळला, आपल्याकडे अजून सर्रास मिळत नाही. आपल्याकडे शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हेच मुख्य उपाय आहेत, आणि वेळेवर आलेली लहान गाठ बहुधा साध्या शस्त्रक्रियेने सुटते. तेव्हा उद्या कोणी "विजेच्या यंत्राने कॅन्सर घालवतो" म्हणून बाजारात बसला, तर त्याच्या नादी लागू नका. घरच्या २३० व्होल्टच्या तारेशी तर कोणीही खेळू नये. शास्त्रातली वीज मोजून दिलेली असते. भोंदूची वीज आपला खिसा मोजते.

मग आपण काय करायचे? मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले. तेव्हापासून लांबलांबचे लोक मिरजेची वाट धरत आले आहेत. आज मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे. दवाखाना दूर नाही. दूर आहे ते तोंडातून निघायचे वाक्य : "मला येथे जखम आहे, ती भरत नाही."

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, नाडी सैल बांधा, रुंद पट्टी वापरा, आणि बांधायची जागा अधूनमधून बदला. दुसरी, कंबरेवर, जुन्या भाजल्याच्या जागी किंवा कोठेही एक महिन्यात न भरणारी जखम, कडा जाड झालेला व्रण, वाढणारा किंवा रक्त येणारा तीळ दिसला की डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासू म्हटले तर नकार देऊ नका. तुकडा काढल्याने रोग पसरतो हा समज खोटा आहे. तिसरी गोष्ट पुरुषांसाठी. घरातील आई, बहीण, पत्नी यांना विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत. "काही दुखतंय का?" एवढे विचारायला पदवी लागत नाही.

आणि शेवटी एक शिक्षक म्हणून सांगतो. पुष्कळ स्त्रिया पुरुष डॉक्टरापुढे जखम उघडी करीत नाहीत. त्यांना दोष देऊन काही साधत नाही. त्यावर उपाय आपल्या शाळेच्या बाकांवर बसलेला आहे. दहावीनंतर मुलीचे नाव शाळेतून काढताना, तीच मुलगी उद्या परिचारिका किंवा डॉक्टर होऊन कोणाच्या तरी आजीची कंबर तपासणार होती, याचा एकवार विचार करावा. पेशीचे दार उघडण्याची युक्ती शास्त्रज्ञांना साधली आहे. घरातले हे दार मात्र आपल्यालाच उघडावे लागेल.