आरोग्यविम्याची सक्ती आणि राज्यांचे अधिकार

प्रजेच्या आरोग्याची काळजी वाहणें हें राज्यकर्त्यांचें कर्तव्य आहे, याविषयीं आतां फारसा वाद उरलेला नाहीं. वाद आहे तो निराळाच. संघराज्यांत हें कर्तव्य कोणत्या सरकारानें बजावावें, आणि त्याकरितां नागरिकावर सक्ती करण्याचा अधिकार कोणाचा? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१० सालीं या प्रश्नावरून मोठा झगडा उत्पन्न झाला. त्याचा निकाल आणि त्या निकालाचीं फळें हीं दोन्हीं विचार करण्याजोगीं आहेत.

प्रथम विम्याची सक्ती कां करावी लागते, हें पाहिलें पाहिजे. निरोग्यांच्या पैशानें आजाऱ्यांचा खर्च भागविणें, हेंच आरोग्यविम्याचें मर्म. घराला आग लागल्यावर विमा उतरविण्याची सवलत मिळाली, तर आगीपूर्वीं हप्ते कोण भरील? तसेंच आजाऱ्यास विमा नाकारूं नये व आजारामुळें त्याच्याकडून जास्त हप्ता घेऊं नये, असा नियम केला कीं निरोगी माणूस म्हणतो, 'आजारी पडल्यावर बघूं!' मग विमेदारांत आजारीच अधिक उरतात, हप्ते चढतात, आणि चढत्या हप्त्यांमुळें उरलेसुरले निरोगीहि निघून जातात. म्हणून असा दयाळू नियम करावयाचा तर सर्वांनींच विमा घेतला पाहिजे, हें ओघानेंच येतें.

मॅसॅच्युसेट्स राज्यानें २००६ सालीं, मिट रॉम्नी हे गव्हर्नर असतां, अशीच सक्ती केली. तेव्हां देशभर वादळ उठलें नाहीं. पुढें २३ मार्च २०१० रोजीं अध्यक्ष ओबामा यांनीं साऱ्या देशासाठीं तसाच कायदा मंजूर केला, आणि फ्लोरिडा व इतर कांहीं राज्यांनीं त्याच दिवशीं न्यायालयाची पायरी चढली. वादी राज्यांची संख्या अखेर २६ झाली. एका राज्यांत जें पथ्य, तें संघाच्या हातीं विष कसें ठरलें?

याचें उत्तर घटनेंत आहे. भारताच्या घटनेंत कोणत्याहि यादींत न आलेले अधिकार केंद्राकडे जातात. अमेरिकेंत नेमकें उलट. तेथें संघसरकारास मोजकेच अधिकार दिलेले असून, बाकीचे राज्यांकडे वा प्रजेकडे राहतील, असें १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीनें स्पष्ट केलें. आरोग्यासाठीं कायदे करण्याचा सर्वसाधारण अधिकार राज्याचा. संघास मात्र प्रत्येक कायद्यासाठीं घटनेंतील कलम दाखवावें लागतें. संघसरकारानें आंतरराज्य व्यापाराचें कलम दाखविलें. ओहायोंतील एका शेतकऱ्यानें स्वतःच्या उपयोगासाठीं पिकविलेला जादा गहूहि या कलमाखालीं येतो, असा निर्णय १९४२ सालीं झालाच होता. प्रतिपक्षाचें उत्तर असें कीं, त्या शेतकऱ्यानें निदान गहू पेरला तरी होता; विमा न घेणारा तर कांहींच करीत नाहीं. आज विमा घ्यावयास लावणारें सरकार उद्यां भाजी विकत घ्यावयास लावील!

२८ जून २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. व्यापाराच्या कलमाखालीं ही सक्ती टिकत नाहीं. परंतु विमा न घेणारावर बसविलेला दंड हा वस्तुतः कर आहे, आणि कर बसविण्याचा अधिकार संघास आहे, असें सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनीं ठरविलें. पांच विरुद्ध चार मतांनीं सक्ती वांचली.

निकालाचा दुसरा भाग मात्र अधिक परिणामकारक ठरला. गरिबांसाठीं संघ व राज्यें मिळून १९६५ पासून मेडिकेड नांवाची योजना चालवितात. दारिद्र्यरेषेखालील व तिच्या थोड्या वरच्या सर्व प्रौढांस तींत घ्यावें, नाहींतर जुनें अनुदानहि बंद होईल, अशी तंबी नव्या कायद्यांत होती. नव्या लोकांचा खर्च पहिलीं तीन वर्षें सर्वस्वीं संघ देणार होता, व पुढें तो वांटा उतरत २०२० पासून शेंकडा ९० राहणार होता. तरीहि नऊपैकीं सात न्यायाधीशांनीं या तंबीस जुलूम ठरविलें. राज्यांस आपली इच्छा चालविण्याची मोकळीक मिळाली.

या मोकळिकीची किंमत गरिबांनीं मोजली. दारिद्र्यरेषेखालील सर्वांस मेडिकेड मिळेल, हें गृहीत धरून कायद्यानें हप्त्यांसाठींची मदत त्या रेषेपासून वरच्यांस देऊं केली होती. ज्या राज्यांनीं योजना वाढविली नाहीं, त्यांपैकीं बहुतेकांत विपरीत प्रकार घडला. थोडें अधिक कमावणारास मदत मिळते. त्याहून गरीब असलेल्या कित्येकांस मेडिकेडहि नाहीं आणि मदतहि नाहीं! २०२३ अखेर ४० राज्यांनीं योजना वाढविली होती. टेक्सस व फ्लोरिडा हीं मोठीं राज्यें उरलेल्या दहांत होतीं.

तथापि राज्यांचा अधिकार नेहमीं गरिबांच्या विरुद्धच जातो, असेंहि नाहीं. २०१७ च्या कायद्यानें संघाचा दंड २०१९ पासून शून्य केला. पण मॅसॅच्युसेट्सनें आपली सक्ती सोडली नाहीं. न्यू जर्सी व कॅलिफोर्निया यांनीं स्वतःचे कायदे केले. ओक्लाहोमा व मिसूरी येथें २०२० सालीं मतदारांनींच कौल देऊन मेडिकेड वाढविलें.

अधिकार कोणाचा, हा प्रश्न न्यायालय सोडवूं शकतें. तो अधिकार मिळाल्यावर त्याचें काय केलें, याचा जाब मात्र राज्यकर्त्यांनीं दारिद्र्यरेषेखालच्या आजाऱ्यास द्यावयाचा असतो.