मालवाहू तीनचाकीची उष्णता : इंजिन, माल आणि माणूस सांभाळा

(वसई तालुक्यातील भाजीपाला, फुले व भात उत्पादक शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या भागात माल काढणे आणि माल पोचवणे ही दोन वेगळी कामे राहिलेली नाहीत. नाळे, निर्मळ, भुईगाव, आगाशी, अर्नाळा या पट्ट्यातील वाडीवाला पहाटे पालेभाजी, सोनचाफा, पाने किंवा केळी भरतो आणि वसई रोड, नालासोपारा किंवा विरार स्टेशन गाठतो. पूर्वेला भाताण्याकडे, पारोळकडे भात झोडून झाले की पेंढा तबेल्यांकडे निघतो. हे अंतर तोडण्यासाठी अनेकांकडे तीनचाकी आहे. कोणाची कंपनीची मालवाहू रिक्षा, कोणाची मोटारसायकलच्या पुढच्या भागाला मागे हौदा जोडलेली गाडी. या दुसऱ्या प्रकारच्या गाडीची एक तक्रार सर्वत्र ऐकू येते : "इंजिन फार तापते, पाय भाजतात, सायलेन्सरजवळ बसवत नाही."

मी कृषिविद्या विषय शिकवतो. तेव्हा इंजिनाविषयी मी का बोलावे, असे आपल्याला वाटेल. कारण असे की, हीच उष्णता आपल्या मालापर्यंत पोचते. शेतात चार महिने सांभाळलेला माल शेवटच्या तासाभरात खालून शिजत असेल, तर खत आणि वाण यांबद्दल मी कितीही बोललो तरी उपयोग नाही. पेंढ्याच्या बाबतीत तर प्रश्न मालाच्या प्रतीचा नसून आगीचा आहे.

उष्णता येते कोठून?

पेट्रोल जळल्यावर जी शक्ती निर्माण होते, तिचा साधारण पाव ते एक तृतीयांश भागच चाक फिरवण्याच्या कामी येतो. उरलेला भाग उष्णता होऊन काही धुराबरोबर सायलेन्सरवाटे आणि काही इंजिनाच्या अंगातून बाहेर पडतो. म्हणजे उष्णता हा बिघाड नव्हे. ती बाहेर जाण्याची वाट अडणे किंवा ती गरजेपेक्षा जास्त निर्माण होणे, हा बिघाड.

मोटारसायकलच्या इंजिनावर ज्या पात्या असतात, त्यांवरून वारा वाहतो आणि इंजिन थंड राहते. हा वारा गाडीच्या वेगातून मिळतो. प्रवासी रिक्षाचे इंजिन मागे झाकलेले असते आणि तिचा वेगही कमी असतो. म्हणून तिच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला मुद्दाम पंखा आणि पत्र्याचे आवरण दिलेले असते. मोटारसायकलच्या साध्या इंजिनाला असा पंखा नसतो. एक-दोन माणसांसाठी आणि वाऱ्यावर थंड होण्यासाठी केलेले इंजिन आपण चार-पाच क्विंटल वजनाला जुंपतो, ताशी वीस किलोमीटरने चालवतो आणि पुढे पायांना वारा लागू नये म्हणून पत्रा लावतो. काम वाढले, वारा घटला. तीनचाकी तापण्याचे मूळ एवढेच आहे.

एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारसायकलींबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांच्या धुराच्या मार्गात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो तापल्याशिवाय काम करीत नाही. म्हणून त्या भागाजवळ माल, वायर किंवा पेट्रोलची नळी अजिबात येऊ देऊ नये.

कोठे किती तापते ते आधी पाहा

उपाय करण्यापूर्वी तपासणी हवी. एक सोपी पद्धत सांगतो. साध्या मेणबत्तीचे मेण साधारणपणे ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळते. हौदा रिकामा असताना त्याच्या तळावर वीतभर अंतराने मेणाचे लहान तुकडे ठेवा. मग मागे वाळूची पोती ठेवून नेहमीएवढे वजन भरा, पण तुकड्यांवर काही येऊ देऊ नका. नेहमीच्या रस्त्याने अर्धा तास गाडी चालवा आणि परत येऊन पाहा. जेथे मेण वितळले तेथे खालून आड हवी आणि वरून माल नको. जेथे मेण नुसते मऊ पडले तेथेही पालेभाजीला त्रास होणारच. मेणाचे तुकडे सायलेन्सरवर मात्र कधीही ठेवू नयेत.

दुसरी खूण रात्रीची. अंधारात बेंड पाइप मंद लाल दिसला, तर त्याचे तापमान ५०० अंशांच्या वर गेले आहे असे समजावे. अशी गाडी दुरुस्त केल्याशिवाय मालाला जुंपू नये.

पहिली पायरी : जास्तीची उष्णता निर्माण होऊ देऊ नका

पुष्कळजण थेट पत्रा ठोकायला धावतात. पण कारण तसेच ठेवून पत्रा ठोकणे म्हणजे ताप उतरवण्याऐवजी अंगावर घोंगडी घालणे होय. आधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) चाके हाताने फिरवून पाहा. ब्रेक घासत असेल किंवा टायरमध्ये हवा कमी असेल, तर इंजिन दिवसभर विनाकारण ओझे ओढते.

२) ऑइलची पातळी दर आठवड्याला पाहा. ऑइल वंगणाबरोबर इंजिन थंड करण्याचेही काम करते. ओझ्याच्या गाडीचे ऑइल पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या आधीच बदलणे हिताचे.

३) प्लग काढून रंग पाहा. विटकरी तपकिरी रंग चांगला. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते. पांढरट, राखेसारखा रंग म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आणि इंजिन जास्त तापते. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर पडली तरी हेच होते.

४) टायमिंग आणि टॅपेट तपासून घ्या. ठिणगी उशिरा पडली की जळण्याचे काम लांबते आणि बेंड पाइप तापतो. टॅपेट फार घट्ट असले तर धुराचा व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळून जातो.

५) सायलेन्सरमध्ये काजळी साचली असेल तर साफ करा. धूर अडला की उष्णताही अडते. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत हा दोष विशेष आढळतो.

६) मोठ्या गिअरमध्ये इंजिन घुसमटत चालवू नका. ओझे आणि चढ असेल तेथे वेळेवर खालचा गिअर टाका. जास्त माल एका फेरीत कोंबण्यापेक्षा दोन फेऱ्या स्वस्त पडतात.

७) घोडबंदरकडे किंवा महामार्गावर कोंडी झाली आणि गाडी जागची हलत नसेल, तर इंजिन बंद करा. उभ्या गाडीला वारा नसतो.

दुसरी पायरी : वाऱ्याला वाट द्या

इंजिनासमोर लावलेला पत्रा, जाहिरातीची पाटी, रुंद चिखलरोधक, पायाजवळ टांगलेल्या पिशव्या ही सर्व वाऱ्याची अडवणूक आहे. त्या काढा किंवा त्यांना खिडकी पाडा. वारा आत येण्याइतकेच गरम हवा मागून बाहेर पडणे महत्त्वाचे आहे. पुढून वाट दिली आणि मागे हौद्याची बंद भिंत आली, तर हवा तेथेच घोटाळते. पात्यांमधला चिखल आणि तेलकट मळ इंजिन थंड असताना काढावा. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतण्याची सवय घातक आहे. अचानक आकसल्याने धातूला तडा जाऊ शकतो.

तिसरी पायरी : आड बसवा, पण अंतर ठेवून

आड म्हणजे सायलेन्सरला चिकटवलेला पत्रा नव्हे. अॅल्युमिनियमचा किंवा जी.आय. पत्रा घ्यावा आणि सायलेन्सरपासून निदान एक इंच अंतरावर धातूच्या नळ्यांचे तुकडे व बोल्ट वापरून बसवावा. मधल्या फटीतून हवा वाहिली पाहिजे. म्हणून आडीची पुढची आणि मागची बाजू उघडी ठेवावी. चकचकीत पत्रा उष्णता परतवतो, म्हणून त्याला काळा रंग देऊ नये. अशीच एक आड चालकाच्या पायाच्या बाजूने असावी. सुमारे ७० अंशाच्या धातूला एक सेकंद स्पर्श झाला तरी कातडी भाजते आणि बेंड पाइप त्याहून कितीतरी पट तापलेला असतो. घरातली लहान मुले गाडीच्या मागे-पुढे खेळतात, त्यांच्यासाठीही ही आड आवश्यक आहे.

काय करू नये तेही सांगतो. सायलेन्सरला गोणपाट, काथ्या किंवा रबर गुंडाळू नये. जुन्या अॅस्बेस्टॉसच्या दोऱ्या वापरू नयेत, त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते. बाजारात काचतंतूची पट्टी मिळते. ती उष्णता नळीच्या आत कोंडते. शिवाय आपल्या खाऱ्या, दमट हवेत तिच्याखाली पाणी मुरून नळी लवकर गंजते. त्या पट्टीत ऑइल मुरले तर आगीचा धोका निर्माण होतो. आपल्याकडे पट्टीपेक्षा फट ठेवून बसवलेला पत्राच बरा.

माल कसा भरावा?

तोडलेली भाजी आणि फूल जिवंत असते आणि श्वास घेत असते. तापमान १० अंशांनी वाढले की हा श्वास साधारण दुप्पट ते तिप्पट वेगाने चालतो आणि माल तितक्या लवकर उतरतो. म्हणून हौद्याच्या तळावर दोन इंच उंचीच्या लाकडी पट्ट्या टाकून त्यावर क्रेट किंवा करंड्या ठेवाव्यात. पट्ट्यांची दिशा गाडीच्या लांबीप्रमाणे असावी, म्हणजे खालून हवा खेळते. सायलेन्सरच्या बाजूला नारळ, सुरण, दुधी असा टणक माल ठेवावा. पालेभाजी, पाने आणि सोनचाफा लांबच्या बाजूला ठेवावा.

धुराविषयी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. इंजिनाच्या धुरात एथिलीन वायू असतो. हाच वायू केळी पिकवतो, पाने पिवळी पाडतो आणि फुलांच्या पाकळ्या गाळतो. बेंड पाइपच्या सांध्याचे पॅकिंग फुटले असेल आणि धूर हौद्याखाली भरत असेल, तर ताडपत्रीने झाकलेल्या मालाला तो लागतो. सांध्याजवळ काळा डाग आणि फट-फट आवाज ही त्याची खूण. पॅकिंगला फार पैसे पडत नाहीत. ते लगेच बदलावे. सायलेन्सरचे तोंड हौद्याच्या बाहेर, मालापासून आणि चालकापासून दूर असावे.

पेंढा भरताना विशेष काळजी

सुका पेंढा साधारण २५० ते ३०० अंशांच्या सुमारास पेट घेऊ शकतो. ओझ्याच्या गाडीच्या बेंड पाइपला हे तापमान सहज गाठता येते. भात कापणीचा ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ उन्हाचा आणि कोरडा असतो. म्हणून पेंढ्याच्या गाडीला हौद्याखाली अखंड पत्रा, सायलेन्सरला आड आणि तोंडाला ठिणगीरोधक जाळी हवीच. ही जाळी काजळीने भरते, म्हणून ती वेळोवेळी साफ करावी. पेंढा बाजूने लोंबू देऊ नये, ताडपत्रीने आवळून बांधावा. प्रत्येक फेरीनंतर इंजिन निवाले की सायलेन्सरभोवती अडकलेल्या काड्या काढाव्यात. तापलेली गाडी सुक्या गवतावर किंवा खळ्यात उभी करू नये.

आग लागलीच तर गाडी वस्तीपासून दूर थांबवून इंजिन आणि पेट्रोलचा कॉक बंद करावा. माणसे आधी बाजूला न्यावीत. आग लहान असेल तरच विझवण्याचा प्रयत्न करावा. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकू नये. कोरड्या पावडरचे छोटे अग्निशामक यंत्र चालकाच्या हाताशी असावे. अंग भाजल्यास भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नये, फोड फोडू नये आणि दवाखाना गाठावा.

कायद्याविषयी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलात फरक पडेल असा बदल वाहनात करता येत नाही. जुगाड पद्धतीची गाडीही मोटार वाहनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे. नोंदणी आणि विमा नसलेल्या गाडीला आग लागली किंवा कोणी जखमी झाले, तर सगळा बोजा शेतकऱ्याच्या डोक्यावर येतो. नवी गाडी घ्यायची असेल तर नोंदणी होणारी मालवाहू तीनचाकीच घ्यावी. तिची थंड करण्याची व्यवस्था ओझ्याचा विचार करून केलेली असते. स्टेशनपर्यंतच्या छोट्या फेऱ्यांसाठी विजेवर चालणाऱ्या तीनचाकीचाही विचार करावा. तिला सायलेन्सरच नसतो.

थोडक्यात सांगायचे, तर क्रम चुकवू नका. आधी ओझे आणि बिघाड कमी करा, मग वाऱ्याला वाट द्या, मग अंतर ठेवून आड बसवा आणि शेवटी माल विचाराने भरा. यातील बहुतेक कामे पाना, पत्रा आणि अर्ध्या दिवसाची सवड एवढ्यावर होतात. या सुगीत पेंढ्याची पहिली गाडी भरण्यापूर्वी प्रत्येकाने मेणाची तपासणी करून पाहावी, एवढी विनंती करून मी थांबतो.