नदीतले बिननावाचे मासे

(बंगळूर शहरातील राजाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी मला विचारले, "राजाजीनगरात नदी आहे कुठे, की आपण तेथे नदीतील माशांवर बोलणार?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर आपल्या पायाखालीच आहे. या वस्तीच्या मोठ्या भागातील पावसाचे पाणी वृषभावतीच्या खोऱ्यात उतरते. वृषभावतीचा एक उगम शेजारच्या मल्लेश्वरम् भागात, काडू मल्लेश्वराच्या देवळाजवळ मानला जातो. व्यंकोजीराजे भोसले यांचे नाव ज्याच्याशी जोडले जाते, तेच हे देऊळ. पुढे ही नदी अर्कावतीला मिळते आणि अर्कावती 'संगम' या ठिकाणी कावेरीत विलीन होते. आज वृषभावती शहराचे सांडपाणी वाहून नेते, हे कटू सत्य आहे. तरीही आपण कावेरीच्या खोऱ्यातच राहतो, आणि म्हणून कावेरीतील माशांशी आपला संबंध शेजाऱ्याचा आहे.

कावेरी म्हटले की गळाने मासे धरणाऱ्यांना एकच नाव आठवते, ते म्हणजे महसीर. १९४६ साली काबिनी नदीत १२० पौंड वजनाचा महसीर गळाला लागला होता, आणि त्याची कथा आजही सांगितली जाते. परंतु त्याच पाण्यात वितीएवढे, हाताएवढे असे कितीतरी मासे राहतात. त्यांच्यापैकी एखादा चुकून गळाला लागला तर महसीरच्या आशेने बसलेला मनुष्य तो नाखुशीने काढतो, त्याच्याकडे धड पाहतही नाही आणि पुन्हा पाण्यात फेकून देतो. मी आज बोलणार आहे ते या उपेक्षित माशांविषयी.

ही उपेक्षा केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंडातील नद्यांत 'चब' नावाचा मासा असतो. किडे, फळे, पाव, लहान मासे असे जवळजवळ काहीही तो गिळतो. मात्र काठावर सावली हलली तरी पळून जातो. आयझाक वॉल्टनने १६५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चब धरण्याला आणि तो रांधण्याला एक प्रकरण दिले, कारण खाण्याच्या दृष्टीने लोक त्याला हलका समजत. उत्तर अमेरिकेत याच प्रकारचा 'फॉलफिश' आहे. ट्राउटच्या शोधात आलेला शिकारी त्याला उपद्रव समजतो. पण विणीच्या काळात या माशाचा नर तोंडाने एकेक खडा उचलून आणतो आणि नदीच्या तळाशी खड्यांचा मोठा ढीग रचतो. त्या ढिगाचा आसरा घेऊन इतर जातींचे लहान मासेही अंडी घालतात. ज्याला आपण उपद्रव म्हणतो तो दुसऱ्या कित्येकांचे घर बांधीत असतो.

चब आणि फॉलफिश हे आपल्या रोहू-कटल्याच्याच विस्तृत गोत्रातले. तेव्हा कावेरीत त्यांची जागा घेणारे मासे शोधायला फार दूर जावे लागत नाही. त्यांपैकी पहिला म्हणजे कर्नाटिक कार्प. याचे शास्त्रीय वर्णन जर्डन याने १८४९ साली केले. अंगाने रुंद, रुपेरी रंगाचा, चबप्रमाणेच सर्वभक्षी. काठावरच्या झाडांची फळे पाण्यात पडतात, तीही तो खातो. या प्रकारच्या माशांना कन्नडमध्ये 'गेंडे' म्हणतात. सभागृहात काही मराठी मंडळी आहेत. त्यांनी दचकू नये, हा गेंडा शिंगाचा नव्हे.

आता ओळखण्याविषयी. लहान कर्नाटिक कार्प आणि महसीरचे पिल्लू यांत नवखा मनुष्य हमखास फसतो. मीही पुष्कळ दिवस फसत होतो. दोघांनाही मिशांच्या दोन जोड्या असतात, रंगही जवळपास सारखा असतो. फरक आहे तो खवल्यांत. माशाच्या कुशीवरून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बारीक छिद्रांची एक ओळ जाते; तिला पार्श्वरेखा म्हणतात. या रेषेवरचे खवले मोजावेत. महसीरमध्ये ते पंचविशीच्या आसपास भरतात, कर्नाटिक कार्पमध्ये तिशीच्या आसपास. ही मोजणी अर्ध्या मिनिटाचे काम आहे. पण रंगरूपावर विसंबण्यापेक्षा ती कितीतरी भरवशाची असते.

दुसरी खूण तोंडाची, आणि ही खूण मासा कसा धरावा हेही सांगते. तोंड वरच्या बाजूस वळलेले असेल तर मासा पृष्ठभागावर चरतो. मराठीत ज्यांना अळकूट म्हणतात ते सुरीच्या पात्यासारखे चपटे, चकचकीत, धारदार पोटाचे मासे या वर्गातले. त्यांच्यासाठी अगदी बारीक गळाला लहानसा किडा लावून तो पाण्यावर तरंगत सोडावा. तोंड नेमके समोर असेल तर मासा मधल्या पाण्यात हिंडतो. कुशीवर उभे निळसर पट्टे असलेले बॅरिलस गोत्रातले चपळ मासे असे आहेत. यांतील एका जातीचे वर्णन हॅमिल्टनने १८०७ साली केले, तेही आपल्याच प्रदेशातील हिरियूरजवळच्या वेदावती नदीवरून. नाकतोडा किंवा लहान गांडूळ वाहत्या धारेत सोडले की ते झेप घेतात. तोंड खालच्या बाजूस आणि ओठ जाड असतील तर मासा तळाशी चरणारा, लॅबिओ गोत्रातला समजावा. त्याला भाताचा किंवा नाचणीच्या पिठाचा घट्ट गोळा तळाशी ठेवावा. आणि हनुवटीखाली वाटोळी चकती असून तिने मासा खडकाला चिकटून राहत असेल, तर तो मळ्या. खडकावरचे शेवाळ खरवडून खाणाऱ्या या माशाला आमिषाचा मोह फारसा पडत नाही. त्याला ओंजळीत पाणी घेऊन पाहावे आणि सोडून द्यावे.

साहित्य साधेच पुरते. हलकी काठी, दोन किलो वजन पेलणारी दोरी, १० ते १४ क्रमांकाचे लहान गळ आणि पाण्यावर तरंगणारे छोटे बूच. गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाकावा, म्हणजे मासा जखमी न होता सुटतो. मासा हाताळण्यापूर्वी हात ओले करावेत. कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो. पावसाळ्यात, म्हणजे बहुतेक जातींच्या विणीच्या काळात, गळ घरीच ठेवावा. कावेरीचा बराच भाग अभयारण्यात येतो; तेथे गळ टाकू नये. इतरत्रही मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवानगीनेच जावे.

आपणांस वाटेल, एवढ्याशा माशांची नावे नीट ठाऊक असली काय अन् नसली काय, बिघडते कुठे? काय बिघडते हे महसीरच्याच उदाहरणाने सांगतो.

कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या नद्यांतील माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्याने एक चांगली गोष्ट केली: मराठी कोळ्यांच्या तोंडची नावे ऐकून त्याने तीच शास्त्रीय नावांत घातली. खुद्री, कोळस, मळ्या, शिंगाळा, मुसल्ला ही नावे थोड्याबहुत फरकाने आज जगभरच्या ग्रंथांत आहेत. पुण्याजवळ मुळा-मुठेच्या पाण्यात मिळालेला महसीर तो खुद्री. पुढे कावेरीतील कुबड असलेल्या, नारिंगी परांच्या प्रचंड महसीरला यांपैकीच एक नाव, मुसल्ला, चिकटवले गेले. वस्तुतः मुसल्ला हा कृष्णेच्या खोऱ्यातला निराळाच मासा. नाव चुकले, पण कोणाला त्याचे काही वाटले नाही.

मग १९७६ पासून लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली खुद्रीची पिल्ले कावेरीत सोडण्यात येऊ लागली. हेतू चांगला होता; महसीर वाढावेत असेच सर्वांना वाटत होते. परंतु महसीर म्हणजे एकच मासा नव्हे, याचा विचार झाला नाही. बाहेरून आलेला निळ्या परांचा खुद्री वाढत गेला आणि कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महसीर कमी कमी होत गेला. अखेर २०१८ साली संशोधकांनी दाखवून दिले, की हा मासा म्हणजे कावेरीच्या पांबार या उपनदीतून वर्णिलेला 'टॉर रेमादेवी' होय. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. ज्या माशाची कीर्ती शतकभर गाजली, त्याला खरे नाव मिळाले ते तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आल्यावर.

या घटनेतील एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. कुबडवाला महसीर घटत आहे हे सिद्ध करण्यास उपयोगी पडली ती कोणा प्रयोगशाळेतील यंत्रे नव्हेत. गालिबोरे येथील तळावर गळ टाकणाऱ्या शिकाऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळात लिहून ठेवलेल्या रोजच्या नोंदींनी ते काम केले. कोणत्या दिवशी, कोणता मासा, किती वजनाचा, एवढेच त्या वह्यांत होते. छंद म्हणून लिहिलेली वही अशी साक्षीदार ठरली.

आता विचार करा, महसीरची ही गत, तर गेंडे, अळकूट, मळ्या यांची काय? त्यांची वही कोणी ठेवलेली नाही. उद्या त्यांपैकी एखादा कावेरीतून नाहीसा झाला, तर तो होता हे तरी कोण सांगणार?

म्हणून माझी आपणांस विनंती एवढीच आहे. नदीवर जाल तेव्हा गळाबरोबर एक वही न्या. जो मासा हाती येईल त्याचे तोंड पाहा, मिशा पाहा, खवले मोजा, जमल्यास छायाचित्र घ्या. काठावरच्या कोळ्याला त्याचे नाव विचारा आणि तो सांगेल तसेच लिहून ठेवा. मग मासा हळूच पाण्यात सोडा. मासा मोठा की लहान, हा प्रश्न आपला आहे, नदीचा नव्हे.